बोलिंगच्या लेनवर न दिसणारं तेल असतं, आणि बॉल कुठे वळणार हे तेच ठरवतं!

१ जुलै १९८२. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातलं ला हाब्रा हे शहर. तिथल्या एका बोलिंग सेंटरमध्ये ग्लेन अ‍ॅलिसन नावाचा ५२ वर्षांचा माजी व्यावसायिक खेळाडू नेहमीप्रमाणे लीग खेळायला आला. त्या रात्री त्याने सलग ३ गेम खेळले. प्रत्येक गेममध्ये १२ पैकी १२ स्ट्राइक. एकूण ३६ वेळा बॉल टाकला आणि ३६ वेळा दहाच्या दहा पिना आडव्या. स्कोअर ३००, ३००, ३००. बेरीज ९००.

बोलिंगमध्ये याच्या वर काही नसतंच. तोपर्यंत अमेरिकन बोलिंग काँग्रेसने, म्हणजे या खेळाचे नियम सांभाळणाऱ्या संस्थेने, कोणाच्याच नावावर अशी ९०० ची मालिका नोंदवली नव्हती. अ‍ॅलिसनचं नाव इतिहासात जाणार हे नक्की होतं.

पण संस्थेचे लोक आले, त्यांनी लेन तपासली आणि विक्रम नाकारला. आक्षेप अ‍ॅलिसनच्या खेळावर नव्हता. आक्षेप होता लेनवरच्या तेलावर. ते नियमात बसेल अशा पद्धतीने पसरलेलं नाही, असं कारण देण्यात आलं. अ‍ॅलिसनने दाद मागितली, पण निर्णय बदलला नाही.

मॉलमध्ये मित्रांसोबत दोन गेम खेळून आलेल्या कोणालाही प्रश्न पडेल, तेल? लेनवर तेल असतं?

हे तेल येतं कुठून?

तुम्ही बोलिंग खेळायला गेलात तर एक सूचना हमखास मिळते, रेषेच्या पुढे पाय टाकू नका. अनेकांना वाटतं हा फक्त खेळाचा नियम आहे. खरं कारण तितकंच सरळ आहे. रेषेच्या पुढे पाय टाकला तर तुम्ही घसरून आपटाल. कारण तिथून पुढे लेनला तेल लावलेलं असतं.

लेन म्हणजे रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फुटांची पट्टी. रुंदी साधारण साडेतीन फूट. ही रुंदी ३९ पट्ट्यांमध्ये विभागलेली असते, त्यांना 'बोर्ड' म्हणतात. पूर्वी या खरोखरच्या लाकडी फळ्या असायच्या. रेषेजवळ बॉल आदळतो म्हणून तिथे मेपलचं टणक लाकूड, मधल्या भागात पाइनचं. आज बहुतेक ठिकाणी कृत्रिम पृष्ठभाग आहे, पण त्यावर फळ्यांची नक्षी आणि बोर्डांचे आकडे तसेच ठेवलेत, कारण खेळाडूंची सगळी भाषाच बोर्डांची आहे.

तेल सुरुवातीला आलं ते लाकूड वाचवायला. ६-७ किलोचा बॉल दिवसभर त्याच जागेवरून घासत गेला की लाकडाला चर पडतात. तेलाचा थर दिला की बॉल घसरत जातो, लाकूड टिकतं. एवढाच हेतू होता. पण लवकरच लोकांच्या लक्षात आलं की तेल कुठे आणि किती लावलं यावर स्कोअर बदलतो. तिथून या खेळाची कथा वेगळी झाली.

आज हे काम यंत्र करतं. आधी लेन धुऊन पुसून घेतं आणि मग ठरवून दिलेल्या आराखड्याप्रमाणे, कोणत्या बोर्डवर किती आणि किती फुटांपर्यंत, असं तेल पसरवतं. एका लेनला लागणारं तेल साधारण २० ते ३० मिलिलिटर. म्हणजे चार ते सहा चमचे! हे एवढंसं तेल ४० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद जागेवर पसरलं तर थराची सरासरी जाडी येते २ मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. त्यामुळे डोळ्यांनी बघून तेल किती आहे ते कळत नाही. तपासणी करायची तर लेनवर चिकटपट्टी लावून तेलाचा नमुना उचलतात आणि तो यंत्रात वाचतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक बोलिंग संघटनेने, पीबीएने, टीव्हीवरच्या काही स्पर्धांमध्ये निळ्या रंगाचं तेल वापरून पाहिलं, ते प्रेक्षकांना निदान काहीतरी दिसावं म्हणून.

क्रिकेटमध्ये मॅचच्या आधी समालोचक खेळपट्टीवर चावी खुपसून भेगा दाखवतात. इथे खेळपट्टी आहे, रोज बदलते, प्रत्येक चेंडूला थोडी आणखी बदलते, पण दिसत नाही. खेळाडूने ती फक्त बॉलच्या वागण्यावरून ओळखायची.

बॉल सरळ जाता जाता वळतो कसा?

कॅरम आठवा. बोर्डवर पावडर टाकली की स्ट्रायकर सुळकन जातो. खेळता खेळता एखाद्या कोपऱ्यातली पावडर उडाली की सोंगटी तिथे येऊन अडखळते. लेनवर तेल म्हणजे पावडर आणि कोरडा भाग म्हणजे उघडा पडलेला कोपरा. भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांनी दिलेले ढोबळ आकडे असे आहेत की तेलकट भागात घर्षणाचा गुणांक ०.०४ च्या आसपास असतो, कोरड्या भागात ०.२. म्हणजे पाचपट.

आता अनुभवी खेळाडू बॉल नुसता ढकलत नाही. सोडताना बोटांनी त्याला बाजूने फिरकी देतो. बॉल पुढे जात असतो, पण त्याची फिरकी दुसऱ्याच दिशेला असते. तेलात पकड नसल्यामुळे ही फिरकी निष्फळ राहते. ओल्या चिखलात चाक जागच्या जागी गरगर फिरावं तसा बॉल फिरत असतो आणि घसरत सरळ जातो. याला 'स्किड' म्हणतात. तेल संपलं, कोरडी लेन लागली की पृष्ठभाग पकड घेतो, फिरकीला आधार मिळतो आणि बॉल वळायला लागतो. हा 'हूक'. शेवटी फिरकी आणि पुढे जाण्याची दिशा जुळली की घसरणं थांबतं, बॉल नुसता लोळत जातो. हा 'रोल'. एकदा रोल सुरू झाला की बॉल आणखी वळत नाही.

हे सगळं घडतं जेमतेम अडीच सेकंदांत.

पण वळवायची गरजच काय, सरळ टाकला तर चालत नाही का? चालतो, पण पिना कमी पडतात. एक पिन साधारण दीड किलोची. दहा पिना मिळून बॉलच्या दुपटीहून जास्त वजन. त्यामुळे बॉल पिनांवर आदळतो तेव्हा तो स्वतःही बाजूला फेकला जातो. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आदर्श जागा म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधली फट, तिला 'पॉकेट' म्हणतात. बॉल तिथे बरोबर शिरला तर तो स्वतः फक्त चार पिनांना लागतो, १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. हे जुळून यायला बॉल पॉकेटमध्ये साधारण ६ अंशांच्या कोनात शिरावा लागतो. सरळ बॉल अगदी लेनच्या कडेवरून तिरका टाकला तरी कोन दीड अंशाच्या पुढे जात नाही, कारण लेनच मुळात अरुंद आणि लांब आहे. उरलेला कोन हूकमधूनच मिळवावा लागतो.

म्हणून प्रश्न नुसता 'बॉल वळला का' हा नसतो. बॉल कुठे वळला हा असतो. लवकर वळला तर फिरकी आणि जोर पिनांपर्यंत पोहोचायच्या आधीच संपतो, किंवा बॉल पॉकेट ओलांडून पलीकडे जातो आणि दोन टोकांना पिना उभ्या राहतात. उशिरा वळला तर पॉकेटमध्ये नीट शिरत नाही आणि बहुतेकदा उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची पिन खेळाडूकडे बघत उभी राहते.

मग बॉल बदलायचा!

टीव्हीवर व्यावसायिक खेळाडूंच्या मागे सहा-आठ बॉलची रांग दिसते. रंगांची हौस म्हणून ती नसते. प्रत्येक बॉल तेलाशी वेगळं वागतो आणि यात सर्वात मोठा वाटा बॉलच्या वरच्या कवचाचा असतो.

सर्वात साधा म्हणजे प्लास्टिकचा, पॉलिस्टरचा बॉल. मॉलमध्ये मांडून ठेवलेले रंगीबेरंगी बॉल याच जातीचे. कवच टणक आणि गुळगुळीत, तेलात पकड जवळपास शून्य. कोरड्या भागातही हा फारसा वळत नाही. पण म्हणून टाकाऊ समजू नका. कोपऱ्यात एकटी उरलेली पिन पाडायची असते तेव्हा मोठमोठे खेळाडूही प्लास्टिकचा बॉल उचलतात, कारण तेल असो वा नसो, तो सरळ जातो. तेलाला हिशेबातून बाहेर काढायचा हा सोपा मार्ग आहे.

प्लास्टिकला पकड मिळवून द्यायची एक जुनी युक्ती बोलिंगच्या इतिहासात गाजलेली आहे. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून नावाच्या अमेरिकन खेळाडूने प्लास्टिकचा बॉल रसायनात बुडवून ठेवायला सुरुवात केली. कवच मऊ व्हायचं, मऊ कवच लेनला जास्त चिकटायचं, बॉल जास्त वळायचा. त्या वर्षी त्याने ६ किताब जिंकले आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग सगळेच बादल्या घेऊन बसले. वापरली जाणारी रसायनं ज्वलनशील होती, हे वेगळं सांगायला नको. पुढे संघटनांनी बॉलच्या कठीणपणाला किमान मर्यादा घातली. आजही बॉलचा कठीणपणा मोजणारं टोकदार सुईचं उपकरण स्पर्धांमध्ये वापरलं जातं, त्यामागे ही भानगड आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनचे बॉल आले. प्लास्टिकपेक्षा पकड बरीच जास्त. युरेथेनची ओळख म्हणजे त्याचं वळण अचानक नसतं. तेल संपल्यावर तो झटकन उडी मारत नाही, तर लांबलचक कमान काढत हळूहळू येतो. जिथे कोरडा भाग खूप आहे आणि बाकीचे बॉल वेड्यासारखे वळतायत, तिथे युरेथेन शहाण्यासारखा वागतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा बॉल आणि त्याने खेळ उलटापालटा केला. याच्या कवचावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात. ती तेल शोषून घेतात. त्यामुळे बॉल तेलातून बाहेर आला की कोरड्या लेनवर कडक पकड घेतो आणि शेवटच्या १५-२० फुटांत जोरात आत वळतो. हवा तो कोन आता साध्या खेळाडूलाही मिळू लागला. याची किंमत अशी की शोषलेलं तेल बॉलमध्ये साचत जातं आणि काही महिन्यांत बॉल 'मरतो', म्हणजे वळेनासा होतो. मग खेळाडू तो गरम पाण्यात ठेवून तेल बाहेर काढतात. बॉलला अंघोळ घालणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील तर ते त्यासाठी.

रिअ‍ॅक्टिव्हमध्येही पुन्हा प्रकार आहेत. 'सॉलिड' कवचाचा बॉल लवकर पकड घेतो. 'पर्ल' कवचाचा, म्हणजे ज्यात चमकदार अभ्रकासारखी पूड मिसळलेली असते तो, तेलात जास्त लांब घसरतो आणि मग एकदम वळतो. 'हायब्रिड' या दोघांच्या मधला.

पॉलिश पेपरने एवढा फरक पडतो?

पडतो, आणि इथेच बहुतेक नवे खेळाडू फसतात. दुकानातून आणलेला चकचकीत बॉल जास्त भारी वाटतो. पण चकाकी म्हणजे कमी पकड. बॉलचं कवच पॉलिश पेपरने घासलं की त्यावर बारीक ओरखडे तयार होतात. पावसाळ्यात टायरवरच्या खाचा पाण्याला वाट करून देतात आणि रबर रस्त्याला टेकतं, तसंच हे ओरखडे तेलातून वाट काढतात. ५०० नंबरच्या जाड पेपरने घासलेला बॉल भरपूर तेलातही पकड शोधतो. ४००० नंबरच्या बारीक पेपरने घासलेला त्यापेक्षा बराच लांब घसरतो. पॉलिश केलेला आणखी लांब.

म्हणून तेल भरपूर असेल तर मळकट, घासलेला सॉलिड बॉल. तेल मध्यम असेल तर त्यातल्या त्यात समतोल राखणारा. तेल कमी असेल तर पॉलिश केलेला पर्ल, युरेथेन किंवा थेट प्लास्टिक.

आता यातला उफराटा भाग. कोरड्या लेनवर सर्वात 'ताकदवान' बॉल टाकला तर तो सर्वात जास्त वळेल असं वाटतं. सुरुवातीला वळतोही. पण तो पहिल्या ३० फुटांतच सगळी फिरकी खर्च करून बसतो. पिनांपाशी पोहोचतो तेव्हा तो नुसता लोळत असतो, अंगात दम नसतो. दिसायला बॉल पॉकेटमध्येच जातो आणि तरी पिना उभ्या राहतात. खेळाडू वैतागतो, आणखी जोरात फिरकी देतो, बॉल आणखी लवकर थकतो. उलट भरपूर तेलावर चकचकीत बॉल टाकला तर तो शेवटपर्यंत घसरत राहतो, फिरकी सगळी शिल्लक, पण वापरायला जागाच मिळत नाही. चुका दोन्ही टोकांच्या, पण उभी राहिलेली १० नंबरची पिन मात्र अगदी सारखी दिसते. फरक ओळखायचा तर बॉल पिनांवर आदळल्यावर काय झालं यापेक्षा तो कुठे वळायला लागला इकडे बघावं लागतं.

बॉलच्या पोटातला गाभाही यात हात घालतो. आतला गोळा मुद्दाम विचित्र आकाराचा, बल्बसारखा वगैरे बनवलेला असतो. त्यामुळे बॉल फिरताना भोवऱ्यासारखा डुलतो आणि प्रत्येक फेरीत कवचाचा थोडा नवीन, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो. बॉल परत आल्यावर त्यावर तेलाची वलयं दिसतात, एकमेकांपासून सरकत गेलेली. जाणकार खेळाडू बॉल पुसण्याआधी ही वलयं बघून घेतात. त्या अदृश्य तेलाचा हा जवळपास एकमेव डोळ्यांना दिसणारा पुरावा. मग टॉवेलने बॉल पुसतात, दर वेळी. न पुसता टाकला तर पुढच्या वेळी तेलावर तेल.

तेलाचे 'पॅटर्न' म्हणजे काय?

सामान्य सेंटरमध्ये तेल मधल्या बोर्डांवर जास्त आणि कडांना अगदी कमी लावतात. प्रमाण १० ला १ किंवा त्याहूनही जास्त असतं. याला 'हाउस पॅटर्न' म्हणतात आणि तो गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी असतो. बॉल चुकून बाहेर गेला तर तिथल्या कोरड्या भागात पकड मिळून तो आत परत येतो. चुकून आत गेला तर तिथे तेल जास्त, त्यामुळे तो फार न वळता सरळ घसरतो. दोन्ही चुका पॉकेटकडेच ढकलल्या जातात. जणू दोन बाजूंना न दिसणाऱ्या भिंती उभ्या आहेत.

ला हाब्राचं प्रकरण या दृष्टीने बघा. तेल लावण्याच्या पद्धतीने खेळाडूला मदत होते का, हाच त्या काळातल्या नियमांच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. गंमत म्हणजे आजचा हाउस पॅटर्न, जो उघडउघड मदत करतो, तो लीगमध्ये पूर्णपणे नियमात बसतो.

स्पर्धांसाठीचे 'स्पोर्ट पॅटर्न' वेगळे. तिथे मध्य आणि कडांमधलं तेलाचं प्रमाण ३ ला १ किंवा त्याहून कमी ठेवतात. भिंती गायब. एक-दोन बोर्ड इकडेतिकडे झालं की शिक्षा. आपल्या गल्लीतल्या सेंटरमध्ये २१० ची सरासरी मिरवणारा खेळाडू स्पोर्ट पॅटर्नवर आला की हवा निघून जाते, ती यामुळे.

पॅटर्नची लांबीही बदलते. ३५ फूट किंवा त्याहून कमी असेल तर आखूड, ४१ च्या वर गेला तर लांब. आखूड पॅटर्नमध्ये कोरडी जागा भरपूर, म्हणून बॉल बाहेरच्या कडेला न्यावा लागतो, नाहीतर तो कुठल्या कुठे वळेल. लांब पॅटर्नमध्ये वळायला जागाच थोडी, म्हणून बॉल मधल्या भागातच ठेवावा लागतो. यासाठी खेळाडूंचं एक सोपं गणित आहे, '३१ चा नियम'. पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा. उत्तर येईल त्या बोर्डच्या आसपास बॉल वळायला लागला पाहिजे. ४१ फुटांचा पॅटर्न असेल तर कडेपासून दहावा बोर्ड. पीबीएच्या पॅटर्नना प्राण्यांची नावं आहेत. त्यातला 'वुल्फ' जेमतेम ३२-३३ फुटांचा, म्हणजे बॉल पहिल्या-दुसऱ्या बोर्डवर, अक्षरशः गटरच्या काठावरून न्यायचा. 'बॅजर' आहे ५२ फुटांचा. गणित येतं २१, म्हणजे लेनच्या मधोमध! बॉलला वळायला फक्त शेवटचे ८ फूट. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधल्या पॅटर्नना ऑलिम्पिक झालेल्या शहरांची नावं दिली गेली, त्यामुळे तिथले खेळाडू 'आज सोल आहे की मॉन्ट्रियल' अशा गप्पा मारतात. खुद्द बोलिंग मात्र ऑलिम्पिकमध्ये फक्त १९८८ ला सोलमध्ये प्रदर्शनी खेळ म्हणून दिसलं.

३१ चा नियम हा अंदाज आहे, कायदा नव्हे. वेग जास्त असेल, फिरकी कमी असेल, तर आकडा हलतो. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे, ज्याच्या नावावर पीबीएचे विक्रमी १५ मेजर किताब आहेत, दोन हातांनी बॉल टाकतो आणि त्यामुळे त्याला प्रचंड फिरकी मिळते. त्याच तेलावर तोच बॉल एका हाताने टाकणाऱ्या साध्या खेळाडूच्या हातून वेगळाच वागेल.

खरी डोकेदुखी: तेल जागेवर राहत नाही

समजा पॅटर्न कळला, बॉल निवडला, पहिले चार स्ट्राइक पडले. पाचवा बॉल अगदी तसाच टाकला आणि तो पॉकेट ओलांडून भलतीकडे गेला. हात चुकला का? बहुधा नाही. लेन बदलली.

प्रत्येक रिअ‍ॅक्टिव्ह बॉल त्याच्या वाटेवरचं तेल थोडं थोडं उचलून नेतो. उजव्या हाताचे खेळाडू जास्त, सगळ्यांची वाट साधारण एकच, त्यामुळे तिथला थर झपाट्याने विरळ होतो. जो बॉल ४० फुटांवर वळत होता तो ३५ वरच पकड घ्यायला लागतो. मग खेळाडू डावीकडे सरकतो. नेहमीचा हिशेब म्हणजे पाय दोन बोर्ड डावीकडे, नेम एक बोर्ड डावीकडे. पुन्हा तेल संपतं, पुन्हा सरकायचं. तीन गेमच्या शेवटी काही खेळाडू लेनच्या पार डाव्या टोकाला उभे दिसतात. सरकून भागलं नाही की बॉल बदलतात, घासलेला ठेवून पॉलिशवाला घेतात. डावखुऱ्यांच्या बाजूने रहदारीच कमी, त्यामुळे त्यांची लेन जास्त वेळ शाबूत राहते. यावरून उजव्या हाताचे खेळाडू कुरकुरतात, तर डावखुरे म्हणतात की आम्हाला वाट तयार करून द्यायलाही कोणी नसतं.

प्लास्टिक आणि युरेथेनचे बॉल उलटं करतात. ते तेल शोषत नाहीत, पुढे ढकलतात. तेल संपायला हवं तिथे, पुढच्या कोरड्या भागात, पुसट थर पसरतो. मग बॉल वळायच्या जागीच घसरतो. एकाच लेनवर पुढचा भाग कोरडा आणि मागचा भाग तेलकट, अशी अवस्था येऊ शकते. शेजारी कोण कोणता बॉल वापरतोय यावर तुमचा स्कोअर अवलंबून, असा हा खेळ आहे.

यावरून भांडणंही झाली. २०२० च्या आधी बॉल इतके तहानलेले झाले होते की सेंटर्सना तेल वाढवावं लागत होतं आणि वाढलेल्या तेलासाठी कंपन्या आणखी तहानलेले बॉल बनवत होत्या. शेवटी अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने, यूएसबीसीने, १ ऑगस्ट २०२० पासून नव्या बॉलसाठी अट घातली की त्याने तेलाचा थेंब फार पटकन शोषता कामा नये, निदान २ मिनिटं १५ सेकंद लागले पाहिजेत. २०२२ मध्ये युरेथेनची पाळी आली. 'पर्पल हॅमर' हा लोकप्रिय बॉल, २०१६ आणि २०१७ मध्ये बनलेला, काही नमुन्यांत कठीणपणाच्या मर्यादेखाली आढळला. यूएसबीसीने त्या दोन वर्षांतले हे बॉल आपल्या राष्ट्रीय स्पर्धांमधून बाद केले. डॉन मॅक्यूनच्या मऊ बॉलपासून ४९ वर्षांनी मुद्दा पुन्हा तोच, कवच किती मऊ असावं?

या सगळ्याचा आकड्यांवर झालेला परिणाम एका ओळीत सांगता येतो. अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या नोंदींनुसार १९६८-६९ च्या हंगामात ३०० चे गेम झाले सुमारे ९००. १९९८-९९ च्या हंगामात ३४ हजारांहून जास्त. मधल्या ३० वर्षांत माणसांचे हात काही इतके सुधारले नव्हते.

मॉलमध्ये खेळताना याचा काही उपयोग आहे का?

थोडा आहे. मुंबई-पुण्यातल्या गेमिंग झोनमध्ये मिळणारे बॉल प्लास्टिकचे असतात, त्यामुळे टीव्हीवरच्यासारखा हूक काढायचा हट्ट धरलात तर मनगट दुखेल आणि बॉल सरळच जाईल. त्यापेक्षा पिनांकडे न बघता १२ ते १६ फुटांवर असलेल्या बाणांकडे बघून टाका. बाण दर पाच बोर्डांवर असतात. उजव्या हाताने खेळत असाल तर उजवीकडून दुसऱ्या बाणावर नेम धरून सुरुवात करा. चार-पाच बॉलनंतर परत आलेला बॉल प्रकाशात तिरका धरून बघा. तेलाचं पुसट वलय दिसलं तर लेनला तेल आहे. काहीच दिसलं नाही तर लेन कोरडी असू शकते आणि तिथे प्लास्टिकचा बॉलही फिरकी दिल्यावर थोडा वळू शकतो. आणि हो, हात आणि बॉल दोन्ही पुसा. नाचोजचं तेल वेगळं, लेनचं वेगळं.

ग्लेन अ‍ॅलिसनच्या त्या रात्रीनंतर १५ वर्षांनी, २ फेब्रुवारी १९९७ ला, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात जेरेमी सोनेनफेल्ड या विद्यार्थ्याने ९०० ची मालिका टाकली. याही वेळी लेन तपासली गेली. यावेळी तेल नियमात होतं आणि मान्यता मिळालेली पहिली ९०० म्हणून ती नोंदवली गेली.